मधेच उतरायची सोय

जून लागला की परळी तालुक्यातल्या आमच्या सिरसाळ्याच्या बसथांब्यावर दोन पिशव्या दिसू लागतात. एकीत सोयाबीनचं किंवा सरकीचं बियाणं, दुसरीत टीसी, गुणपत्रक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अजून न मिळालेल्या नॉन-क्रिमीलेयरची पोचपावती. बऱ्याचदा दोन्ही पिशव्या एकाच माणसाच्या हातात असतात. आपल्याकडे पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात येतात आणि दोन्हींसाठी पैसा एकच असतो. कृषी सेवा केंद्रातली उधारी आणि तंत्रनिकेतनाची फी यांतलं आधी काय भागवायचं, याचा निर्णय घरातली थोरली माणसं रात्री जेवताना घेतात. ज्याच्या आयुष्याचा तो निर्णय असतो, ते पोरगं त्या वेळी मोबाइलवर कटऑफ बघत बसलेलं असतं.

या दिवसांत लोक मला एक प्रश्न विचारतात. मी शिकवायचं सोडून बरीच वर्षं झाली, पण गावात मास्तरकी सुटत नाही. "सर, पोराला अकरावी सायन्सला टाकू का डिप्लोमाला?" दोन वर्षांनी हाच प्रश्न वेश बदलून येतो, "इथंच बी.ए. करू द्यावं का बाहेर धाडावं?" जवळचं, स्वस्त आणि थोडक्यात आटपणारं शिक्षण घ्यायचं, की लांबचं, महागडं आणि चार वर्षांचं, असा हा पेच आहे. अमेरिकेतली कुटुंबंही तो सोडवत बसतात. तिथं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा पहिल्यापासूनच चार वर्षांच्या विद्यापीठात. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी 1901 मध्ये असं पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं. आपण अकरावी-बारावीला 'ज्युनिअर कॉलेज' म्हणतो. शब्द उचलला, पण त्यातला अर्धा अर्थ वाटेतच सांडला. तिकडे ज्युनिअर कॉलेजातून बाहेर पडताना हातात एक पदवी असते. आपल्या बारावी सायन्सनंतर हातात असतं ते फक्त पुढच्या परीक्षेचं हॉल तिकीट.

हा निर्णय आपल्याकडे कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पंच्याऐंशीच्या पुढे गेला तर सायन्स आणि लातूर. साठ-सत्तर पडले तर डिप्लोमा. त्याच्या खाली आयटीआय. काहीच जमलं नाही तर गावातच आर्ट्स. ही उतरंड इतकी घट्ट बसलीय की नव्वद टक्के मिळवलेल्या मुलानं डिप्लोमाचं नाव काढलं तर मामा फोन करून आईला विचारतो, पोराचं डोकं ठिकाणावर आहे ना? मला ही उतरंडच चुकीची वाटते. ती मुलाची लायकी मोजते, वाट कशी आहे ते बघत नाही. माझं साधं म्हणणं असं की शिक्षणाची वाट निवडताना आधी एवढंच विचारावं: मधेच उतरायची वेळ आली तर कुठं उतरता येईल, आणि उतरल्यावर तिथून पुढची गाडी मिळेल का?

आधी साधा हिशेब करू, कारण तो फार थोड्या घरांत होतो. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार, मिळून सहा वर्षं. दहावीनंतर डिप्लोमाची तीन, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन इंजिनिअरिंगची तीन, तीही सहाच. दोघांच्या हातात एकाच वयात एकच पदवी पडते, आणि पदवीच्या कागदावर ती कुठल्या वाटेनं मिळाली ते लिहिलेलं नसतं. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि तिथून पदवीला जाणाऱ्याला सात वर्षं लागतात, म्हणजे एकच जास्तीचं. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, त्याला सीईटी नाही. म्हणजे ज्या सीईटीसाठी लातूरला क्लास, खोली आणि मेसचा दोन वर्षांचा खर्च करायचा, ती या वाटेवर लागतच नाही. चांगले गुण असले तर या दारातून पुण्याच्या सीओईपीपर्यंत जाता येतं. जागा कमी असतात आणि कॉम्प्युटरला रेटारेटी फार असते, हे खरं. तरी दार आहे, आणि सरकारी यादीतलं आहे.

फरक पडतो तो मधल्या वर्षांत. डिप्लोमावाला अठरा-एकोणीसाव्या वर्षी एका पुऱ्या झालेल्या गोष्टीवर उभा असतो. त्याला चाकणला, वाळूजला, रांजणगावला कुणीतरी ओळखतं. बांधकाम खात्यातल्या किंवा जिल्हा परिषदेतल्या कनिष्ठ अभियंत्याच्या पदाला स्थापत्यचा डिप्लोमा चालतो. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला महावितरणच्या विद्युत सहायकाची जाहिरात उघडी असते. याउलट नीटला बसलेलं पोरगं. पहिल्या खेपेला गुण कमी पडले, एक वर्ष थांबला. दुसऱ्या खेपेला कटऑफच वर गेला. तिसऱ्या वर्षी बापानं म्हैस विकली. एकवीस वर्षांचा झाला तरी त्याच्या हातात बारावीच. मग तो कुठंतरी बी.एस्सी.ला नाव घालतो आणि पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतो. परळी-बीड रस्त्यावर पहाटे पाचला, राखेचे टिप्पर सुरू व्हायच्या आधी, अशी पोरं दिसतात. ती आळशी नाहीत, ढ तर मुळीच नाहीत. विनाथांबा गाडीत बसली होती, एवढाच त्यांचा दोष.

पुण्या-मुंबईत कुणी म्हणेल, उतरायचा विचार आधीच कशाला करायचा? मनात खोट असली की यश येत नाही. ज्याच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पगार येतो, त्याचं हे म्हणणं आहे. परळी तालुक्यातल्या कोरडवाहू घरात मोडता येणं हाच नियम. एखाद्या साली पाऊस दडी मारतो. 2015 मध्ये तर पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. ज्या तालुक्यात सरकारी वीज केंद्राला पाणी पुरत नाही, तिथं एका शेतकऱ्याच्या पोराचं चार वर्षांचं वेळापत्रक अखंड चालेल हे धरून चालायचं कसं? आणि जे घर ऊसतोडीला जातं, त्याची तर गोष्टच वेगळी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आसपास टोळी निघते, कोल्हापूर-सांगली किंवा थेट कर्नाटक. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांतलं एक आजारी पडलं तर उचल फेडायला तिसरा हात लागतो, आणि तो कॉलेजातून येतो. त्याला दोन महिन्यांनी परत यायचं असतं. तोवर हजेरी गेलेली असते, सत्र गेलेलं असतं. थांबा नसलेली गाडी त्याच्यासाठी थांबत नाही.

ही अडचण आजची नाही. मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाची सुरुवातच मुळी दोन टप्प्यांत झाली. निजामाच्या राज्यात 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिकवणं उर्दूतून. औरंगाबादला 1923 मध्ये त्याचं इंटरमीजिएट कॉलेज सुरू झालं. बीडकडच्या पोरानं आधी उर्दू पचवायची, मग औरंगाबादला दोन वर्षं इंटर करायचं आणि पदवीला हैदराबादला जायचं. जुन्या कागदांत अजूनही नावापुढे 'इंटर पास' लिहिलेलं सापडतं, आणि त्या काळी त्याला वजन होतं. इंटर पास माणूस शिक्षक होत असे, कारकून होत असे, पेशकार होत असे. तो मधला थांबा खरा होता. खोट त्याच्या पुढे होती. हैदराबादचा खर्च झेपणारी घरं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे बहुतेकांसाठी मधला थांबाच शेवटचा ठरला.

या इतिहासात एक माणूस वेगळा उभा राहतो. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय काढलं, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज होतंच. तरी निजामी अमलातून नुकत्याच सुटलेल्या, शाळाही धड नसलेल्या मुलखात त्यांनी पूर्ण महाविद्यालय आणलं. आपल्या माणसांना कुठं कुठं परत फिरावं लागतं, याचा नकाशा त्यांच्या मनात पक्का असणार. म. भि. चिटणीस तिथं पहिले प्राचार्य होते. पुढे गंगाधर पानतावणे तिथंच शिकवायचे आणि त्यांच्या 'अस्मितादर्श'नं दलित साहित्याला मंच दिला. जवळचं कॉलेज म्हणजे दुय्यम कॉलेज, या समजुतीला यापेक्षा मोठं उत्तर मराठवाड्यानं दिलेलं नाही. मिलिंदनं पोरांना थांबवून धरलं नाही, त्यांना पुढे ढकललं. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये झालं तेव्हा त्याला विद्यार्थी कुठून आले असतील, याचा विचार केला की ही गोष्ट लक्षात येते.

आता माझ्याच म्हणण्याची उलटी बाजू, कारण ती लपवली तर हा लेख जाहिरात होईल. बर्टन क्लार्क नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1960 मध्ये एक निबंध लिहिला. कॅलिफोर्नियातलं एक दोन वर्षांचं कॉलेज त्यानं जवळून पाहिलं होतं. त्याचं म्हणणं असं की ही कॉलेजं वरून सगळ्यांना दार उघडतात, पण आतल्या आत पोरांची महत्त्वाकांक्षा हळूहळू निववतात. कुणी 'तुला जमणार नाही' असं तोंडावर म्हणत नाही. समुपदेशक येतो, चाचणी होते, 'तुझ्यासाठी हे जास्त योग्य' असं प्रेमानं सांगितलं जातं, आणि विद्यापीठाचं स्वप्न घेऊन आलेला मुलगा दोन वर्षांनी स्वतःच म्हणतो की मला तिकडं जायचंच नव्हतं. मला हे चुलीवरच्या भांड्यासारखं वाटतं, आच काढून घ्यायची आणि भांडं आपोआप निवू द्यायचं.

हे वाचताना मला आपल्याकडची कित्येक तालुक्याची कॉलेजं आठवली, फक्त एक फरक करून. तिकडं निववायला समुपदेशक लागतो, आपल्याकडं रिकामी खुर्ची पुरते. मंजूर पदं भरलेली नाहीत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन कॉलेजं सांभाळत एसटीनं फिरतात. पोराचं नाव कॉलेजात, शरीर परळीच्या किंवा पुण्याच्या अभ्यासिकेत. परीक्षेला सगळे हजर. सिरसाळ्यासारख्या गावात आज पंडितगुरू पार्डीकर महाविद्यालय आहे, म्हणजे पदवी घरून करता येते. माझ्या लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण गावात कॉलेज असणं आणि गावातल्या पोराचं शिकणं यात अंतर आहे. ते अंतर इमारतीनं कमी होत नाही, तासाला उभ्या राहणाऱ्या माणसानं होतं.

दुसरी भीती जास्त जुनी आहे आणि आम्ही ती प्रत्यक्ष पाहिलीय. डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं, हमखास मास्तरकी, घराजवळ नोकरी. मधल्या थांब्याचा यापेक्षा सुबक नमुना सापडणार नाही. 2000 नंतरच्या दशकात गावोगाव अध्यापक विद्यालयं निघाली, संस्थाचालकांनी रग्गड पैसे घेतले, पोरींची तर लग्नंही डी.एड.वर जुळू लागली. मग 2010 नंतर भरती आटली, 2013 पासून टीईटी आली, आणि थांब्यावर उतरलेल्या हजारो पोरांना कळलं की इथून पुढे गाडीच नाही. तो कागद दुसऱ्या कुठल्या वाटेवर चालेना. बी.ए.ला पहिल्यापासून बसावं लागलं. डिप्लोमाबद्दल मी वर जे बोललो त्यातही हा धोका आहेच. मधल्या काळात विद्यार्थी मिळेनात म्हणून कितीतरी खासगी तंत्रनिकेतनांना टाळं लागलं. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली पोरं वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतात आणि गणिताच्या पेपराला घाम गाळतात, कारण बारावीचं गणित त्यांच्या वाटेवर नव्हतंच. हे आधी सांगावं. पहिल्या सत्राला केटी बसल्यावर सांगून काय उपयोग?

म्हणून 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणाकडं मी आशेनं आणि संशयानं एकदमच बघतो. त्यात मधे उतरायची सोय कागदावर लिहूनच ठेवलीय: एक वर्ष झालं तर प्रमाणपत्र, दोन झाली तर पदविका, तीन झाली तर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट्स खात्यात जमा राहतात आणि परत येऊन पुढचं शिकता येतं. ऊसतोडीला गेलेल्या पोराचा विचार करून कुणी धोरण लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. पण बी.ए.च्या एका वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन पोरगं दिंद्रुडच्या, तेलगावच्या, बीडच्या कुठल्या दारात उभं राहील? चाकणचा कंत्राटदार डिप्लोमा ओळखतो, कारण तसं काम केलेली माणसं त्यानं आधी पाहिलेली असतात. हे नवं प्रमाणपत्र त्यानं पाहिलेलं नाही. थांब्याचा फलक लावला म्हणून तिथं गाव वसत नाही. आणि चौथं वर्ष तालुक्याच्या सगळ्या कॉलेजांत मिळेल असंही नाही, तेव्हा 'लांब जायचं का' हा प्रश्न सुटत नाही, तीन वर्षं पुढे ढकलला जातो.

पोरींच्या बाबतीत माझं सगळं गणितच बदलतं. मुलासाठी 'जवळ का लांब' हा प्रश्न असतो. मुलीसाठी बऱ्याच घरांत तो 'जवळ का लग्न' असा असतो. बारावीपर्यंत तिला एसटीचा पास फुकट असतो. तेरावीला तो संपतो आणि तिथंच कितीतरी शिक्षणं संपतात, पासाच्या पैशांपायी नव्हे, पास संपला हे निमित्त होतं म्हणून. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. जुलै 2024 मध्ये सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलंच झालं. पण बाप फीला भीत नव्हता. तो खोलीला भितो, रात्री आठच्या बसला भितो, भावकीच्या तोंडाला भितो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना खोली-जेवणाचे पैसे देते, पण तेही आधी खिशातून घालावे लागतात आणि मागाहून खात्यात कधी येतील ते खातंच जाणे. अशा घरातल्या मुलीला मी डोळे झाकून सांगतो, गावातल्या कॉलेजात नाव घाल. आदर्श म्हणून नव्हे. तीन वर्षं ती शिकतेय असं घराला सांगता येतं म्हणून. त्या तीन वर्षांत कितीतरी स्थळं दारावरून परत जातात, आणि अठराव्या वर्षी जे ठरलं असतं ते एकविसाव्या वर्षी ठरताना तिला तोंड फुटलेलं असतं. तिथं जवळच्या कॉलेजनं काय शिकवलं हा दुसरा प्रश्न. आधी त्यानं वेळ मिळवून दिला.

उलट ज्या मुलाला खरंच भौतिकशास्त्राची, इतिहासाची, कशाचीही ओढ लागलीय, पुस्तक हातात घेतलं की ज्याला जेवायची शुद्ध राहत नाही, त्याला मी थांबे मोजत बसायला सांगणार नाही. त्यानं विनाथांबा गाडी धरावी, छत्रपती संभाजीनगर, पुणे, हैदराबाद, कुठंही, आणि घरानं त्याच्यासाठी म्हैस विकावी. अशी पोरं वर्गात एखाद-दुसरी असतात. अडचण अशी की प्रत्येक बापाला आपलं पोरगं तेच वाटतं, आणि लातूरचे क्लासवाले त्याच्या या वाटण्यावरच जगतात.

तेव्हा कुणी विचारायला आलं की मी आता सल्ला देत नाही, एक काम सांगतो. ज्या कॉलेजात घालायचं म्हणताय, तिथं जाऊन प्रवेश अर्जाच्या आधी एवढंच विचारा: मागच्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेली पोरं कुठं गेली? नावं नकोत, गावं सांगा, कॉलेजं सांगा, कारखाने सांगा. डिप्लोमाच्या कॉलेजला विचारा थेट दुसऱ्या वर्षाला किती गेली. गावातल्या बी.ए.ला विचारा एम.ए.ला, बी.एड.ला, लॉला किती गेली. जिथं प्राध्यापक बोटं मोजत, आठवत सांगू लागतो, तिथं नाव घाला. जिथं निकालाच्या टक्केवारीचा फ्लेक्स दाखवतात, तिथून चहा पिऊन परत या.

मागे एका पालकानं हे खरंच विचारलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. कारकून भला माणूस होता, त्यानं दाखल्यांची जाडजूड नोंदवही काढून पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, बघा तुम्हीच. त्या वहीत 'महाविद्यालय सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. पालकानं बोट ठेवून पान वाचलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळ्यांच्या नावापुढे एकच मजकूर होता, एकाच हस्ताक्षरात, 'पुढील शिक्षणासाठी'. त्यात त्याच्या भावकीतला एक मुलगा होता. तो त्या दिवशी सांगलीकडं उसाच्या फडात होता.